तिसऱ्या प्लॉटसाठी घर गहाण ठेवावं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात माझं कृषी केंद्र आहे. वय ४३. घरची सहा एकर कोरडवाहू, पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन. २०१७ मध्ये तालुक्याच्या गावी साडेचार लाखांत एक प्लॉट घेतला होता, तो २०२५ मध्ये नऊ लाखांना विकला. २०२१ मध्ये घेतलेला दुसरा प्लॉट अजून ठेवलाय. पहिल्याचे आठ लाख बचत खात्यात पडून आहेत. दुकानाचं सहा लाखांचं सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागेल तसं उचलायचं बँकेचं कर्ज) आहे, ते दरवर्षीसारखं चालू आहे.

आता दोन संधी आहेत. समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजपासून काही किलोमीटरवर नवीन लेआउट पडलंय. १,५०० चौरस फूट, १८ लाख. एजंट म्हणतो, शक्तिपीठ मार्गही जवळून जाणार, तीन वर्षांत दुप्पट. एनए (शेतजमीन बिगरशेती करण्याची परवानगी) प्रक्रियेत आहे, तोवर सामाईक सातबाऱ्यावर नाव लावून देतो म्हणाला. एका हाउसिंग फायनान्स कंपनीने घरावर १५ लाख मंजूर केलेत, ११ टक्के, दहा वर्षं. घर आईच्या नावावर आहे. सुरुवातीचे हप्ते पीककर्जातून निघतील. ५१ हजार रोख इसार देऊन बसलोय.

दुसरी संधी म्हणजे धुऱ्याला धुरा लागून असलेलं शेजाऱ्याचं तीन एकर वावर. तो अडचणीत आहे. चालू भाव एकरी आठ लाख, तो सहानं द्यायला तयार आहे, पण दोन वर्षांत पैसे फिरवले तर वावर परत द्यायचं, अशी तोंडी बोली. उरलेल्या पाच लाखांत त्याचाही इसार होतो. बायको बचत गटाचे हिशेब ठेवते, पण मोठ्या व्यवहारातलं तिला कळत नाही. घर गहाण ठेवायचं नाही म्हणते. रोज वाद होतात. प्लॉट घ्यावा, शेत घ्यावं, की दोन्ही?

उत्तर:

भाऊ,

प्लॉट की शेत हे नंतर पाहू. आधी तुमच्या पत्रातली दोन वाक्यं शेजारीशेजारी ठेवतो. ‘आठ लाख बचत खात्यात पडून आहेत’ हे एक. ‘दुकानाचं सहा लाखांचं सीसी आहे, ते दरवर्षीसारखं चालू आहे’ हे दुसरं, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. एका खात्यात तुमच्या पैशाला अडीच-तीन टक्के मिळतात आणि दुसऱ्या खात्यावर तुम्ही अकरा-साडेअकरा टक्के भरता. सीसीचं व्याज रोजच्या बाकीवर लागतं. मे महिन्यात बियाणं-खताचा माल भरला की मर्यादा संपते आणि शेतकऱ्याच्या हातात कापसाचे चुकारे पडून तुमची उधारी वसूल होईपर्यंत डिसेंबर-जानेवारी उजाडतो. साडेसात महिने सहा लाख वापरले, तर साडेअकरा टक्क्यांनी ४३ हजारांच्या आसपास व्याज झालं. दरवर्षी.

आठातले सहा लाख उद्या सकाळी सीसीत टाकले तर हे व्याज वाचतं. पैसा अडकतही नाही, लागला की चेक फाडून काढता येतो. नूतनीकरण तेवढं वेळेत करा आणि खातं अगदीच थंड पडू देऊ नका, नाहीतर बँक मर्यादा कमी करते. जोखीम शून्य आणि साडेअकरा टक्के, असा प्लॉट उभ्या जिल्ह्यात कुठे असेल तर मलाही कळवा. ‘पडून आहे’ म्हणून जो पैसा तुम्हाला अस्वस्थ करतोय, त्याला काम तुमच्याच दुकानात आहे.

त्या आठ लाखांबद्दल आणखी एक. ते सगळे तुमचे नाहीत. शेत विकलं तर टॅक्स नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं, आणि खेड्यातल्या शेतजमिनीपुरतं ते बहुतेक वेळा खरंही असतं. त्यातही जवळच्या नगरपालिकेपासूनचं अंतर मोजतात: लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर २ किलोमीटर, दहा लाखांपर्यंत ६ आणि त्याहून मोठ्या शहरासाठी ८. त्या पट्ट्यापलीकडची शेतजमीन भांडवली नफ्याच्या करात येत नाही. प्लॉट मात्र येतो. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. जमीन त्याआधी घेतलेली असेल तर महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी हिशेब करण्याची मुभा आहे. तुमच्या व्यवहारात दोन्ही पद्धतींनी आकडा पन्नास हजारांच्या आसपास येतो. दुकानाचं उत्पन्न किती दाखवता त्यावर थोडा कमी-जास्त होईल. दुसरा प्लॉट घेतला म्हणून हा कर वाचत नाही. ठरलेल्या मुदतीत राहतं घर घेतलं किंवा बांधलं तर सूट मिळते, आणि विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी रोख्यांत नफा गुंतवला तरी मिळते. तुमची मुदत कुठवर आलीय ते तालुक्याच्या सीएला या आठवड्यात विचारा.

आता ‘दुप्पट झाले’ याचा हिशेब. साडेचाराचे नऊ झाले, हे आठ वर्षांत. खरेदीचा मुद्रांक आणि नोंदणी धरली तर तुमचा खर्च पावणेपाच लाखांच्या वर जातो. विकताना दलाली गेली, आता कर जाईल. हे सगळं वजा करून वर्षाला सात टक्क्यांच्या जवळपास पडतात. वाईट नाही. पण ती मुदत ठेवीच्या शेजारची गोष्ट झाली, आणि तीसुद्धा त्या प्लॉटवर एक रुपयाचं कर्ज नव्हतं म्हणून. सात टक्के देणारी वस्तू अकरा टक्क्यांच्या पैशातून घ्यायला निघालो, तर ती कितीही चांगल्या जागी असली तरी काय उपयोग?

१५ लाख, ११ टक्के, दहा वर्षं. हप्ता महिन्याला साधारण २०,६६० रुपये. पाच वर्षांनी प्लॉट विकायचा ठरवलात तर तोवर १२ लाख ४० हजार भरलेले असतील आणि साडेनऊ लाख मुद्दल बाकी असेल. त्यात तुमचे सुरुवातीचे तीन लाख आणि मुद्रांक, नोंदणी, प्रोसेसिंग असा लाखभर खर्च मिळवा. २६ लाखांच्या खाली विकला तर घरचे पैसे गेले. म्हणजे १,२०० रुपये फुटाचा भाव १,७३० च्या वर गेला तर तुम्ही बरोबरीत, आणि पाच वर्षांची धावपळ फुकट. एजंट म्हणतो तसे तीन वर्षांत ३६ लाख व्हायचे असतील तर तिथे कोणीतरी २,४०० रुपये फुटाने घ्यायला यावं लागेल. तो कोण असेल, काय करेल, कुठे नोकरी करेल, हे एजंटला विचारून पाहा. ‘आणखी एक गुंतवणूकदार’ असं उत्तर आलं तर तिथे राहायला कोणीच येणार नाही, असा त्याचा अर्थ.

हप्ता कुठून येणार, हे मला त्याहून मोठं वाटतं. तुमच्या घरात पैसा वर्षातून दोनदा येतो, सोयाबीन निघाल्यावर आणि कापूस विकल्यावर. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. जून ते सप्टेंबर तुमचा स्वतःचा पैसा गावभर उधारीत पसरलेला असतो. एखाद्या वर्षी बोंडअळीने किंवा ऑक्टोबरच्या पावसाने दगा दिला की उधारी पुढच्या सालावर जाते. हे मी तुम्हाला काय सांगू, वसुलीच्या वहीत तुमच्याकडेच लिहिलेलं असेल. म्हणूनच तुम्ही पीककर्जातून हप्ते भरायचं लिहिलंय. ते मात्र करू नका. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शून्य टक्क्याने पडतं. इतका स्वस्त पैसा शेतकऱ्याला दुसरीकडे कुठेच मिळत नाही. तो प्लॉटच्या हप्त्यात गेला, मार्चमध्ये भरता आला नाही, की सवलतही जाते आणि पुढचं पीककर्जही अडतं.

कंपनीने कर्ज मंजूर केलं, म्हणजे व्यवहार पक्का असणार, असा तुमच्या पत्राचा सूर आहे. भाऊ, त्या कंपनीच्या माणसाने प्लॉट पाहिलाच नाही. त्याने तुमच्या आईचं घर पाहिलं, मोजलं, फोटो काढले, मिळकत पत्रिका घेतली. त्याचं कर्ज घरावर आहे, प्लॉट बुडाला काय आणि तरला काय, त्याला फरक पडत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन घरांच्या मिळकत पत्रिका यायला लागल्यापासून खेड्यातल्या घरावर कर्ज मिळणं सोपं झालंय. चांगलंच झालं ते. पण जे गहाण ठेवता येतं ते जाऊही शकतं. हप्ते तीन महिने थकले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं, मग साठ दिवसांची नोटीस येते, आणि त्यानंतर दिवाणी दावा न लावता ताबा घेण्याची कार्यवाही सुरू होऊ शकते. ज्या कायद्याने हे होतं त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. घर नाही. कंपनी तुमच्या सहा एकरांकडे न पाहता घराकडे का पाहते, ते यावरून कळेल.

प्लॉट कसा आहे हे एखाद्या त्रयस्थाकडून ऐकायचं असेल तर सोपा उपाय आहे. तुमचं पीककर्ज ज्या सरकारी बँकेत आहे तिच्या मॅनेजरकडे जा आणि त्या लेआउटमधल्या प्लॉटवरच, म्हणजे तोच प्लॉट तारण ठेवून, कर्ज मागा. बँकेचा वकील सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) घेईल, कागद मागेल. बँक हो म्हणाली तर निम्मी शंका गेली. नाही म्हणाली तर का नाही, ते लक्ष देऊन ऐका. चहाच्या पैशात मिळणारा याहून चांगला सल्ला नाही.

बँक काय म्हणेल याचा मला अंदाज आहे, कारण ‘एनए प्रक्रियेत, तोवर सामाईक सातबाऱ्यावर नाव’ एवढं वाक्य पुरेसं आहे. १,५०० चौरस फूट म्हणजे दीड गुंठासुद्धा नाही. जिरायत शेताचा २० गुंठ्यांपेक्षा लहान तुकडा तुकडेबंदी कायद्यात बसत नाही, म्हणून सामाईकची वाट काढतात. सातबाऱ्यावर तुमच्यासारखीच तीस-चाळीस नावं चढतात. कोणाचा प्लॉट कुठे, हे फक्त एजंटच्या रंगीत नकाशात असतं, सरकारी नकाशात नाही. पुढे एकाने वाटणीचा दावा लावला की सगळेच तारखेला. शहरी हद्दीतल्या जुन्या तुकड्यांना सरकारने अलीकडे सवलत दिली, तिच्या भरवशावर खेड्यातल्या शेतात नवा तुकडा घेऊ नये. शिवाय ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची (घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी लागते, नोंदणीआधी जाहिरात आणि बुकिंगही चालत नाही. एजंटलाही नोंदणी क्रमांक लागतो. महारेराच्या संकेतस्थळावर दोन्ही क्रमांक पाच मिनिटांत तपासता येतात, दुकानातल्या पोराला सांगा, तो मोबाईलवर काढून देईल. क्रमांक नसेल तर पुढची चर्चाच नको. असेल तर अकृषक आदेश, नगररचनेचा मंजूर अभिन्यास आणि मूळ जमीन भोगवटादार वर्ग १ ची आहे की २ ची, एवढं पाहा. वर्ग २ म्हणजे सरकारची अट असलेली जमीन, परवानगीशिवाय तिची विक्री होत नाही.

समृद्धीबद्दलही बोलायला हवं, कारण विदर्भात सध्या निम्मे प्लॉट तिच्या नावावर विकले जाताहेत. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, पूर्ण ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये. रस्ता उत्तम आहे. पण तो जुन्या नागपूर-अमरावती रस्त्यासारखा नाही, जिथे कडेला टपरी टाकली की गिऱ्हाईक थांबतं. दोन्ही बाजूंना कुंपण आहे, चढायला-उतरायला इंटरचेंजच. तुमच्या प्लॉटवरून गाड्या दिसतील, ऐकू येतील, पण एकही तुमच्याकडे वळणार नाही. अशा रस्त्याने भाव वाढतो तो इंटरचेंजच्या तोंडाशी आणि जिथे खरोखर कारखाना, गोदाम, बाजार उभा राहतो तिथे. ‘काही किलोमीटरवर’ या शब्दांत किती किलोमीटर आहेत ते स्वतः गाडी काढून मोजा, आणि जमल्यास रात्री आठला जा. आजूबाजूला किती घरांत दिवे लागलेत ते दिसेल. शक्तिपीठ मार्ग पवनारपासून गोव्याच्या सीमेपर्यंत आखलाय, त्याला विरोधही झालाय आणि आखणीवरून वादही. एजंटच्या मोबाईलमधल्या रेघेवर पैसे लावण्याआधी एक शक्यता ध्यानात घ्या: ती रेघ सरकली तर भाव जातो, आणि तुमच्याच प्लॉटवर आली तर सामाईक सातबाऱ्यावरच्या चाळीस जणांबरोबर मोबदल्यासाठी रांगेत उभं राहावं लागतं.

आता दुसरा प्लॉट. २०२१ चा. त्याच्याबद्दल पत्रात एकच ओळ आहे. शेवटचे कधी गेला होतात तिथे? हद्दीचे दगड जागेवर आहेत का? आपल्याकडे लेआउट पडलं, प्लॉट विकले गेले, तरी मूळ मालक पावसाळ्यात तिथेच सोयाबीन पेरतो आणि दगड वखराच्या आड येतात म्हणून उपटून धुऱ्यावर फेकतो. चार वर्षांनी मालक येतो तेव्हा आपला प्लॉट कोणता हे तुरीच्या ओळीत शोधत बसतो. जा, दगड पाहा, नसतील तर मोजणी करून घ्या, आणि त्याच फेरीत तो विकायला काढा. मनात धरलेल्या भावाने तीन महिन्यांत गिऱ्हाईक आलं तर तुमच्या भागात प्लॉटला खरंच उठाव आहे. आलं नाही, तर तिसरा घेण्याचा प्रश्नच मिटला. विकण्याची घाई नसताना विकून पाहणं हीच बाजाराची खरी चाचणी, घाईत सगळ्यांनाच निम्म्या भावात द्यावं लागतं.

शेजाऱ्याच्या वावराचं प्रकरण मात्र मला नाजूक वाटतं.

लागून असलेलं वावर पुन्हा पुन्हा विकायला निघत नाही, हे मान्य. एक विहीर, एक पांदण, एकच राखण, त्याचं मोल आकड्यात पूर्ण येत नाही. पण तुम्ही लिहिलेली बोली पाहा: खरेदीखत तुमच्या नावे, भाव चालू दरापेक्षा एकरी दोन लाखांनी कमी, आणि पैसे फिरवले की वावर परत. तुम्ही याला खरेदी म्हणता. अडलेल्या माणसाला पैसे देऊन जमीन लिहून घेणं, याला गावात काय म्हणतात ते तुम्हालाही ठाऊक आहे. तुमचा हेतू तसा नसेल, पण कागद तसाच दिसेल. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे. सावकारीच्या पैशापोटी जमीन घेतल्याची तक्रार आली तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करतो, आणि मागच्या पंधरा वर्षांतला असा व्यवहार रद्द करून जमीन मूळ मालकाला परत देता येते. तुमचं कृषी केंद्र आहे, गावाला उधार देता, काहींकडून वाढीव घेताही असाल. उद्या त्याच्या मुलाने अर्ज केला तर तुमची वही कोणत्या बाजूने साक्ष देईल? आणि उलट बाजू अशी की तोंडी बोलीला कोर्टात किंमत नाही. सशर्त विक्री गहाणात धरायची तर परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली लागते. म्हणजे उद्या तुमच्या मुलांनी शब्द फिरवला तर तो माणूस कायमचा भूमिहीन. दोघांनाही अडकवणारा व्यवहार आहे हा.

त्याला किती पैशांची गरज आहे, हे विचारलंत का? पत्रात ते नाही. बँकेचं थकलेलं आणि वरची एखादी नड एवढंच असेल तर बहुधा तीन एकर विकायची वेळ आलेली नसते. आधी त्याला घेऊन बँकेत जा. थकीत पीककर्जाचं पुनर्गठन होतं का, एकरकमी तडजोड बसते का, हे मॅनेजर सांगेल. तुमचा शब्द तिथे त्याच्यापेक्षा जड आहे, तो त्याच्यासाठी वापरा. हंगामापुरता पैसा हवा असेल तर वर्षभराचा मक्ता आगाऊ देऊन वावर तुम्ही करा, साध्या लेखी कागदावर. आणि विकायचंच असेल तर एक एकर घ्या. चालू भावाने, आठ लाखांनी. त्याचं देणं फिटेल, दोन एकर त्याच्याकडे राहतील, आणि तुमच्या खरेदीवर कोणी बोट ठेवणार नाही. एकर म्हणजे ४० गुंठे, तुकडेबंदीतही अडचण नाही.

तेही स्वच्छ व्हायला हवं. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बँकेचा बोजा कमी झाल्याचा फेरफार, पोटहिस्स्याची मोजणी, आणि वडिलोपार्जित असेल तर त्याच्या बहिणींच्या सह्या. २००५ पासून मुलींचा हक्क बरोबरीचा आहे. ‘बहिणी काही म्हणणार नाहीत’ हे वाक्य दुय्यम निबंधकाच्या ऑफिसबाहेर रोज ऐकू येतं, आणि तालुका कोर्टातले निम्मे दावे त्याच वाक्यातून निघालेले असतात. विदर्भात लागू असलेल्या १९५८ च्या कूळ कायद्यात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. तुम्ही खातेदार आहात, तुम्हाला अडचण नाही. हे वाचून कोणी बिगरशेतकरी नोकरदार खूश झाला असेल तर त्याने मात्र आधी वकील गाठावा.

हिशेबाच्या नजरेने पाहिलं तर एकर घेण्यापेक्षा सीसी भरणं फायद्याचं. आठ लाखांच्या एकरावर मक्ता १२ हजार धरला तरी दीड टक्का होतो. पण ते वावर तुम्हाला करायचंय आणि पोरांना ठेवायचंय, त्याला गुंतवणूक म्हणू नका आणि तिच्या मापाने मोजू नका. स्वतःच्या पैशातून घेत असाल तर माझी हरकत नाही. कर्जातून असेल तर आहे, दीड टक्क्याच्या जमिनीवर अकरा टक्क्यांचं व्याज पिढ्यान्‌पिढ्या कोणाला झेपलेलं नाही.

सगळ्यांना हेच उत्तर लागू होतं असं नाही. नवरा-बायको दोघं पगारदार असतील, हप्ता पगाराच्या चौथ्या भागात बसत असेल, प्लॉट एनए-मंजूर असेल आणि त्यावर तीन वर्षांत घर बांधून राहायचं असेल, तर त्यांनी सरकारी बँकेचं प्लॉट कर्ज घ्यायला काही हरकत नाही. घर बांधेपर्यंत त्या व्याजावर कराची सवलत मिळत नाही, एवढं धरून चालावं. ज्यांना रेल्वेच्या किंवा रस्त्याच्या भूसंपादनाचा मोबदला एकदम मिळालाय त्यांनी तर वर्षभर काहीच घेऊ नये. मोबदल्याची बातमी एजंटला तलाठ्याच्या आधी लागते.

आता घरातल्या वादाबद्दल. ‘तिला मोठ्या व्यवहारातलं कळत नाही,’ असं तुम्ही लिहिलंत, आणि त्याच वाक्यात ती बचत गटाचे हिशेब ठेवते असंही. दर महिन्याला दहा-बारा बायकांच्या कर्जाची वसुली करणाऱ्या बाईला हप्ता थकल्यावर घरात काय होतं, हे तुमच्या-माझ्यापेक्षा जवळून दिसतं. या सगळ्या व्यवहारात पणाला काय लागतंय, हा प्रश्न एजंटने विचारला नाही, कंपनीने विचारला नाही, तुम्हीही नाही. तिने विचारला. वरचा २०,६६० चा हिशेब तिच्यासमोर ठेवा आणि जून ते डिसेंबर हप्ता कुठून भरायचा ते तिलाच मांडायला सांगा. वाद मिटेल, असं मला वाटतं. आणि आई. घर त्यांच्या नावावर म्हणजे कर्जाच्या कागदांवर सही त्यांची. त्या वयात ‘इथे अंगठा ठेव’ एवढंच सांगून सही घेऊ नका. तुम्हाला बहीण-भाऊ असतील तर त्यांनाही हे दुसऱ्याकडून कळू नये.

राहिला इसार. ५१ हजार रोख, साध्या पावतीवर. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्यात मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो, हे एजंटला माहीत असणार. महारेराचा क्रमांक नसताना बुकिंग घेणं हाही त्याच्याच अंगावर येणारा भाग आहे. तेव्हा भांडायला जाऊ नका, लेखी पत्र द्या: नोंदणी क्रमांक, अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा पंधरा दिवसांत दाखवा, नाहीतर इसार बँक खात्यात परत करा. पोहोच घ्या. बहुतेक जण पत्र पाहून तीन-चार हप्त्यांत का होईना परत करतात. नाही केला, तरी ५१ हजार सोडवण्यासाठी १८ लाखांची खरेदी करायची नसते. आणि फायनान्स कंपनीचं मंजुरीपत्र आलंय म्हणून कर्ज घ्यावंच लागतं असं नाही. उचल घेतली नसेल तर प्रोसेसिंग फी जाईल, तेवढंच. आईची मिळकत पत्रिका आणि मूळ कागद त्यांच्याकडे दिले असतील तर ते आधी परत आणा.